इनामदारांच्या भिंतीवरचे किसनमामा

जुईनगर, रविवार

आदरणीय किसनमामा,

भाचीचा सविनय जयभीम. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमची तब्येत ठणठणीत आहे हे परवा फोनवर कळलंच (माझा कान अजून गरम आहे). त्यानंतर तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. भजी बांधून आलेला कागदसुद्धा तुम्ही वाचल्याशिवाय टाकत नाही, तेव्हा हेही वाचालच.

मामा, पडद्यावरच्या घरात जे जे दिसतं ते बनवणं, जमवणं हे माझं काम. पावणे गावातल्या आमच्या शेडमध्ये मी न लागणाऱ्या तलवारीही करते. ही मालिका पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या नावावर मिळाली. तिच्यात इनामदारांच्या दिवाणखान्यात कै. थोरल्या इनामदारांचा फोटो हवा होता. मी चार म्हातारे नेले, दिग्दर्शकाला एकही पसंत पडेना. मेल्यावरही घर टरकून राहील असा माणूस त्याला हवा. शेवटी मोबाईलमधला, आपल्या राजश्रीताईच्या लग्नातला तुमचा फोटो दाखवला (मंडपवाल्याकडे बघतानाचा) आणि दिग्दर्शक खुशीनं उडालाच. सेट खोळंबला होता, तुम्हाला विचारायचं राहिलं. चुकलंच.

मग सगळ्या वाडीनं तुम्हाला हारात पाहिलं. शेजारच्या विमलबाई पांढरं पातळ नेसून मामींना भेटायला आल्या, दार तुम्हीच उघडलंत, त्यांना शुद्धीवर आणून चहाही तुम्हालाच टाकावा लागला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण तुमचा राग मेल्याचा नाहीच. "मारलंस तं मारलंस, पन माज्या कपाळाला टिळा कशाला गो? आनि ती अगरबत्ती!" जन्मभर विहारात अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध बोललेला माणूस, तुमचं खरंच आहे. टिळा मालिकेतल्या सूनबाईंनी लावला, मी नाही. पण असंही बघा: ज्यांच्या ओट्यावर आजोबांना चढू देत नव्हते, तसल्यांच्या दोन सुना रोज सकाळी तुमच्या पाया पडतात (हा मुद्दा मामींचा).

फोटो उतरव, नाहीतर मला मामा म्हणू नकोस, असं तुम्ही म्हणालात. एकदा भिंतीवर दिसलेला फोटो मधेच गायब करता येत नाही हो, माझं काम जाईल. आणि तुम्ही बोलला नाहीत तर मला करमत नाही.

तुमची लाडकी (होती ती) भाची,
क्रांती

ता. क. मामींसाठी गुडघ्याचे पट्टे पाठवलेत.

ता. क. दुसरा. मालिकेचा टीआरपी घसरलाय, म्हणून थोरले इनामदार मेलेच नव्हते असं ठरलंय. प्रेक्षकांना चेहरा पाठ, तेव्हा तुम्हालाच यावं लागेल. मी एकच अट घातली, ती मान्य झाली: घरात पाऊल टाकताच, सगळ्यांदेखत, तो फोटो तुम्ही आपल्या हातानं उतरवायचा आणि टिळा पुसायचा. गुरुवारची गाडी पकडा. मिशी तेवढी काढू नका.