सातवी जिल्द शहाजादीस

मी द्वारकाबाई, कैलासवासी रामराव यांची पत्नी, राहणार कसबे जाफराबाद, जिल्हा औरंगाबाद, हे लिहून ठेवते. शरीर थकले आहे, उठबस दुसऱ्याच्या आधाराने होते. पण डोके ठिकाणावर आहे आणि कोणी मला भरीस घातलेले नाही. मी सांगते तसे बद्रीनाथ लिहीत आहेत. मधेच मी घरगुती बोलले तर तेही गाळू नये, असे त्यांना बजावले आहे.

कलम १. केदारखेड्याची माहेरची जमीन माझा भाचा कडूबा याने घ्यावी. तिथल्या विहिरीवर कोणाला पाणी नाकारू नये.

कलम २. राहते घरही कडूबाचेच. परंतु माझ्याजवळ राहणाऱ्या दुर्गाबाईने या दुखण्यात माझे सगळे केले, तिने हयातभर इथेच राहावे. तिला कोणी उठवू नये.

कलम ३. दीर पुंजाराम यांना माझ्याकडून काही नाही. माझा एकुलता मच्छिंद्र तापाने गेला तेव्हा मला रडू आले नाही. पुंजाराम भरल्या घरात म्हणाले, "पोटचं लेकरू गेलं अन् डोळ्याला पाणी न्हाई. ही कसली माय?" हे मी विसरले नाही आणि मरताना विसरल्याचे सोंगही करणार नाही. माझ्या तेराव्याला त्यांनी जेवून जावे.

कलम ४. फडताळात उर्दू दास्तानीच्या सात जिल्दी, म्हणजे सात भाग आहेत. जादूची लांबलचक कहाणी आहे. त्या शेजारच्या खैरुनबीच्या. त्यांचे काय करायचे ते सांगण्याआधी थोडे मागचे सांगणे भाग आहे.

मच्छिंद्र गेल्यावर मी बोलणेच सोडले होते. खैरुनबी दुपारी पहिली जिल्द घेऊन आली. म्हणाली, "बोलू नको बाई. नुसतं ऐक." उर्दूत वाचायची आणि लगेच आपल्या बोलीत सांगायची. एका शहजाद्याचा धाकटा भाऊ जादूगाराच्या मुलखात दगड होऊन पडलेला असतो. त्याला सोडवायला शहजादा निघतो. वाटेत आगीच्या नद्या, बोलते पक्षी, एक दार उघडले की पुढे दुसरे. मी कापूस निवडीत ऐकत राही. बऱ्याच दिवसांनी माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हाच, "त्यो उठतो का?"

ती म्हणाली, "तिथवर अजून आलो न्हाई."

सातव्या जिल्दीत तो उठला. खैरुनबीने पुस्तकावर बोट ठेवून सांगितले, की दगडाला घाम आला, डोळे उघडले आणि भावाला पाहून तो म्हणाला, भूक लागली, गरम भाकर दे. राजाचा लेक भाकर मागतो याचे मला नवल वाटले. त्या दिवशी मी चूल पेटवली आणि घरच्यांना वाढले.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. अंगणातल्या मातीत बोटाने अक्षरे काढून तिने मला उर्दू शिकवले. मंग मी वाचू लागले आणि ती ऐकू लागली. सातवी जिल्द मात्र ती पेटीत ठेवी. म्हणे, ती झाली आपली वाचून.

ती गेल्यावर तिचे यजमान सिराजोद्दीन यांनी सगळ्या जिल्दी मला दिल्या. सातवी मी अडखळत वाचली. छापलेल्या कहाणीत भाऊ उठत नाही. शहजादा जादूगाराला मारतो, मुलूख मोकळा होतो, पण दगड तो दगडच. शहजादा त्याच्यापाशी दिवा लावतो आणि एकटा घरी जातो. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. भाकर कुठेच नव्हती.

तेव्हा मी मच्छिंद्रसाठी रडले. इतक्या वर्षांचे सगळे एकदम आले. खैरुनबीचा राग आला नाही. ती असती तर तिचे हात धरले असते.

तिची लेक शहाजादी शहागडला दिली आहे. मागच्या पावसाळ्यात तिची लहानगी गेली. तेव्हापासून ती कोणाशी बोलत नाही, असे कानावर आले. मला तिच्याकडे जायचे होते; पाय उठले नाहीत. सातही जिल्दी तिला द्याव्यात. तिच्या आईने काय सांगितले ते मी वर लिहवले आहे, तेवढा कागद तिला वाचून दाखवावा. छापलेले खरे आहे. पण आईच्या सांगण्यावर मी उभी राहिले, म्हणून पुढे छापलेले वाचू शकले. तिला जे आधी झेपेल ते तिने आधी घ्यावे.

पुस्तके टपालाने पाठवू नयेत. कडूबाने गाडी जोडावी आणि दुर्गाबाईने स्वतः जावे. तिच्याजवळ बसावे, समजूत घालू नये. पहिली जिल्द उघडून तिच्या हाती द्यावी आणि मोठ्याने वाचायला सांगावे. दुर्गाबाई, तुला उर्दू समजत नाही. तरी तिचं वाचून होईस्तोवर उठू नको.

यापुढे मला काही सांगायचे नाही. वाचून दाखवले, बराबर आहे.

द्वारकाबाई, दस्तुरखुद्द
साक्षीदार: निजामोद्दीन, राहणार जाफराबाद
साक्षीदार: धर्मराज, राहणार जाफराबाद
लिहिणार: बद्रीनाथ
मुक्काम जाफराबाद, माघ शुद्ध पंचमी, शके १८६५, माहे इस्फंदार, फसली सन १३५३