दुप्पट खोलीची तबकडी

२ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ. वि. वि.

तू राजीनामा लिहून ठेवला आहेस असे दादाने, म्हणजे तुझ्या बापाने, कळवले. म्हणून हे पत्र. पोरगी जेवत नाही, भिंतीकडे बघत बसते, असे तो म्हणतो. भिंतीकडे बघून कुणाला आपली चूक सापडल्याचे मी ऐकलेले नाही.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी तू उन्हावर पाणी तापवणारी तबकडी आखलीस, ती बनली, आणि पाणी कोमटसुद्धा झाले नाही, एवढे कळले. तू चिन्हात घोटाळा केला असशील. क्षमधून तीन वजा केले की आलेख उजवीकडे सरकतो, हे तुला दहा वेळा सांगितले आणि अकराव्या वेळी तू विसरलीस. माझी संज्ञांची वही तुझ्याकडे आहे. शांकवांचे पान काढ. अन्वस्त, म्हणजे तुझ्या तबकडीचाच वक्र, त्याचा शिरोबिंदू, नाभी, अक्ष, सगळे आहे. नीट वाचले असतेस तर ही वेळ आली नसती.

राजीनामा फाड. जेव. उत्तर पाठव.

तुझी आत्या


६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जेवते आहे. राजीनामा मात्र खणात आहे.

आत्या, चिन्ह बरोबर होते. आमच्या कारखान्याची नेहमीची तबकडी पाव मीटर खोल असते आणि भांड्याची बैठक तळापासून, म्हणजे शिरोबिंदूपासून, एक मीटरवर. तिथे नाभी, म्हणजे सगळे ऊन गोळा होते ती जागा. वसतिगृहाला वारा लागू नये म्हणून तेवढ्याच रुंदीची, पण दुप्पट खोल हवी होती. मी बैठकही दुप्पट उंच केली, दोन मीटर. मिस्त्रीकाकांनी विचारले, भांडे उतरवायला शिडी पण देणार का बाई. सगळे हसले. मी म्हटले, गणित तसेच सांगते. पंचवीस वर्षे तबकड्या वाकवणाऱ्या माणसाने माझ्या शब्दावर वेल्डिंग केले, याचीच जास्त लाज वाटते. गुरुवारी वसतिगृहाच्या बाई पुन्हा येतील. तेव्हाही जमले नाही तर आखणीचे टेबल माझ्याकडे राहणार नाही, असे मालकांनी सांगितले आहे.

वही नीट वाचली. एक ओळ तशीच उतरवते: ‘आलेख उभा दुप्पट ताणला की शिरोबिंदूपासूनची सर्व उभी अंतरे दुप्पट होतात, नाभीचेही.’ अक्षर तुझे आहे. मी याच ओळीवर गेले. ती चुकीची आहे असे मला म्हणवत नाही. तूच सांग.

वहीतल्या या ओळीचे बाबांना काही बोललेले नाही. माया पातळ करू नकोस.

तुझी बारकी


९ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ. वि. वि.

ओळ चुकीची आहे. आणि ती माझीच आहे.

काल दुपारी कागद घेऊन बसले. वक्र ताणला की वक्रावरचे बिंदू दुप्पट वर जातात. नाभी वक्रावर नसतेच. कड जास्त उभी झाली की किरण जास्त वळतो आणि अक्षाला खालीच गाठतो. खोली दुप्पट, तर नाभीचे अंतर निम्मे. बैठक अर्ध्या मीटरवर हवी, बरोबर काठाच्या पातळीला. भांडे हाताने ठेवता येईल.

तीस वर्षे शाळेत ही वही मुलींना देत आले. कुणी तपासली नाही, कारण कुणाची हिंमत झाली नाही, आणि मी त्याला माझी शिस्त समजत होते. तुला विसराळू म्हटले ते मागे घेते. तुझाही दोष सांगते: मिस्त्रींनी शिडीचे विचारले तो प्रश्न होता, तुला ती थट्टा वाटली. काका म्हणतेस तर त्यांचे ऐकत जा. जुनी बैठक कापून नवी जोडायला त्यांचा अर्धा दिवस जाईल. उद्याच सांग, गुरुवारपर्यंत थांबू नकोस.

राजीनाम्याचे तू ठरव. फाड असे आता मी सांगत नाही. दादाशी मी बोलते. चुकीसकट आत्या चालत असेल तर लोभ राहू दे.

तुझी आत्या

शेजारच्या ड्रायव्हरच्या हाती दिले ते: अर्ध्या मीटरच्या बैठकीचे रेखाचित्र, एक. मिस्त्रींच्या नावे पत्र, एक; चूक कुणाची ते त्यात माझ्या सहीने लिहिले आहे. पाकीट चिकटवलेले नाही. आधी तू वाच, द्यावेसे वाटले तर दे.