चौघांना एक ताट

मुहर्रम बे, अलेक्झांड्रिया
मंगळवार, १२ नोव्हेंबर

माझ्या हैसम बाळा,

अल्ला तुला सुखात ठेवो आणि तुझ्या त्या पिझ्झाच्या भट्टीपासून तुझे हात सांभाळो. मी बरी आहे. शेजारच्या उम्म वाएलचा जावई गुरुवारी मिलानला परत निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. सोबत वाळवलेल्या मुलूखियाच्या पाल्याची पुडी आहे, भाजीसाठी. ती तिथल्या पोरांना वाटत बसू नकोस, स्वतः खा. माझं अक्षर जरा वेडंवाकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आई आता फोन सोडून पत्र का लिहायला लागली, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच बोलतोस. आणि मी काही सांगायला लागले की तुझी बॅटरी संपते.

इकडचं म्हणशील तर लिफ्ट पुन्हा बंद आहे. दरवान शिहाताचा गुडघा धरलाय, पण तोंड धरलेलं नाही. आपल्या जिन्यावर चार मजले चढताना तो दर मजल्यावर थांबून सरकारला शिव्या घालतो, म्हणून भाजी वर यायला अर्धा तास लागतो. समुद्रावरून वारा सुटलाय. तुझ्या खोलीची खिडकी वाजते, तिच्यात मी कागदाची घडी खोचून ठेवलीय. तुझ्या बाबांची मासे पाळायची काचेची टाकी गच्चीत पडून होती, तीही मी आत आणली होती.

टाकीचं निघालंच आहे तर आता सांगूनच टाकते.

तू जाताना सापाच्या त्या चार पिल्लांचे चार डबे ओळीनं मांडून दिलेस आणि मला दहादा बजावलंस, 'आई, प्रत्येकाला वेगळं ठेवायचं, वेगळं खायला घालायचं.' मी हो हो म्हटलं. तू आकडे चिकटवले होतेस, मी त्यांना नावं दिली. मोठा तो पाशा, फिकट पट्ट्यांची लूलू, चिडका फिलफिल आणि कोपऱ्यात दडून बसणारा सिमसिम. शीतकपाटात तुझी ती गोठवलेली उंदराची पिल्लं मुलूखियाच्या शेजारी ठेवली, म्हणून उम्म वाएल दर वेळी म्हणते, "इनायात, मला जेवायला बोलावशील तेव्हा आधी डबा उघडून दाखव हं."

सुरुवातीला मी तू सांगितलंस तसंच केलं. पण रोज सकाळी मी त्या खोलीत जायचे आणि त्यांच्याकडे बघत बसायचे. एका आईची, एका दिवशी अंड्यातून निघालेली चार भावंडं, आणि प्रत्येक जण आपापल्या डब्यात भिंतीला नाक लावून. आपल्या घरात कधी कोणी एकटं जेवलंय का? तुझे बाबा जिन्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही "या, घास घ्या" म्हटल्याशिवाय भाकरी मोडत नसत. आम्ही सहा भावंडं एका ताटात जेवलो. भांडणं खूप झाली, पण ज्याच्याबरोबर भाकरी आणि मीठ खाल्लं त्याच्याशी वैर करायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. मला वाटलं, वेगळं वेगळं राहायचं हे तुझं खूळ आहे, तिकडे जायच्या आधीच तुला तिकडची हवा लागली.

म्हणून मी ती टाकी धुतली, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि चौघांना एकत्र ठेवलं.

हैसम, ते एका कोपऱ्यात एकमेकांत असे गुंतून झोपले की मी उम्म वाएलला ओढत आणून दाखवलं. सापाच्या नावानं किंचाळणारी बाई ती, तीसुद्धा दारातून म्हणाली, "बघ गं, माझ्या सुनांपेक्षा बरे राहतात." त्या संध्याकाळी मी किती दिवसांनी पोटभर जेवले. ताट घेऊन त्यांच्या खोलीतच बसले होते.

मग एक दिवस सिमसिम दिसेना. झाकणाला फट होती, मला वाटलं पळाला. शिहाताला बोलावलं. तो काठी घेऊन आला आणि दारातच उभा राहिला.

"हाज्जा, सापडला तर काय करू?"

"हळूच उचल."

"मी? माझी बायको विधवा झाली तर तुम्ही सांभाळाल का तिला?"

"ती सुटेल रे तुझ्या तावडीतून. पलंग सरकव."

पलंग सरकवला, गालिचे झटकले, चुलीमागे पाहिलं. तो गेल्यावर मीच स्टुलावर चढून कपाटावर बघायला गेले. स्टूल हललं आणि मी पडले. उजवं मनगट मोडलं. महिनाभर प्लास्टर होतं. आता निघालंय, म्हणून तर लिहितेय. उगाच घाबरून जाऊ नकोस, झालंय ते बरं.

तुला सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. हे टोमणा मारायला लिहीत नाहीये. बरं, थोडा टोमणाही आहे. शुक्रवारच्या नमाजानंतर तू फोन करतोस, तुझी पाच मिनिटं असतात, आणि त्यातली साडेचार सापांची. त्या शुक्रवारी तू विचारलंस, "पाशा स्वतःहून खातोय ना?" मी म्हटलं, खातोय, चांगलं अंग धरतोय. तेव्हा उम्म वाएल मला चमच्यानं भात भरवत होती.

आणि पाशा खरंच फुगला होता. खायला दिलं तरी तोंड फिरवायचा, आठवडाभर एका जागी पडून होता. मला वाटलं, भावाच्या आठवणीनं सुस्तावलाय.

पुढच्या खेपेला मी उरलेल्या तिघांना एकाच बशीत वाढलं. डाव्या हातानं तीन ठिकाणी वाढणं जमत नव्हतं, हे एक. आणि एका बशीत खावं, हे माझ्या मनात होतंच. लूलू आणि फिलफिलनं एकच पिल्लू दोन टोकांनी धरलं. मला हसू आलं. तू आणि शेजारचा वाएल मक्याच्या एका कणसाला असेच दोन बाजूंनी लटकायचात. दोघांची तोंडं मधोमध भेटली. मग फिलफिल थांबला नाही. त्यानं लूलूचं डोकं धरलं आणि तिला तसाच गिळत गेला. माझ्या डोळ्यांसमोर.

एका हातानं दोन साप सोडवता येत नाहीत रे. मी शेपटी धरून ओढलं, पाणी ओतलं, शिहाताला हाका मारल्या. तो येईपर्यंत बाहेर बोटभर शेपूट उरलं होतं आणि तेही हलायचं थांबलं होतं. दोन दिवसांनी फिलफिलनं तिला ओकून टाकलं. त्याच्याएवढीच होती ती, मावणार कशी? मग तोही गेला.

सिमसिम कुठे गेला, ते मला तेव्हा कळलं. पाशाकडे बघून कळलं.

पशुपक्ष्यांच्या बाजारातला तुझा तो रजब, ज्याच्याकडून तू ह्यांच्या आईबापांची जोडी आणली होतीस आणि जाताना परत केलीस, त्याला बोलावून घेतलं. त्यानं पाशाला तपासून वेगळ्या डब्यात ठेवलं. मी त्याला सांगितलं, "पण ते एकमेकांना बिलगून झोपायचे. मी बघितलंय." तो भला माणूस आहे, हसला नाही. म्हणाला, "हाज्जा, ती माया नव्हती. तो कोपरा उबदार होता आणि प्रत्येकाला तोच हवा होता. ह्यांची जातच साप खाणारी. भाऊ दिसत नाही ह्यांना, घास दिसतो."

तो गेल्यावर मी खूप रडले. सापांसाठी रडणारी म्हातारी अख्ख्या मुहर्रम बेमध्ये मी एकटीच असेन.

आणि तरी तुला सांगितलं नाही. तू फोटो मागायचास, मी एकट्या पाशाचे चार बाजूंनी चार फोटो काढून पाठवायचे. तू म्हणालास, "तिसरा जरा फिका वाटतोय." मी म्हटलं, उजेड तसा आहे. या वयात मी छायाचित्रकार झाले. असं का केलं, ते लिहायला बसले होते, पण हात दुखायला लागलाय. चहा घेऊन येते.

शुक्रवार, संध्याकाळ

चहा घेऊन आले आणि लिहिलं नाही. जावयाचं विमान उद्यावर गेलं, म्हणून कागद पुन्हा काढला.

दुपारी तुझा फोन येऊन गेला. मी ठरवलं होतं, आज तोंडानं सांगायचं.

"आई, सगळे खातात ना?"

"खातात."

"पुढच्या शुक्रवारी व्हिडिओवर दाखव मला, चौघांना एकदम. मी उन्हाळ्यात आलो की त्यांची सोय लावणार आहे. तोवर जप त्यांना."

"जपते. तू जेवलास का?"

"उभ्याउभ्या खाल्लं काहीतरी. चल, भट्टी पेटवायचीय."

एवढंच. पिल्लं मेली म्हणून तू रागावशील, ही भीती मला कधीच नव्हती. तू रागावलास की मोठ्यानं बोलतोस, घरात तेवढाच आवाज. मला भीती होती ती वेगळीच. साप नसले तर तू शुक्रवारी फोन कशासाठी करशील? मी मनातल्या मनात खूप शोधलं आणि मला दुसरं कारण सापडलं नाही. म्हणून एका सापाचे चार करून मी तुला धरून ठेवलं होतं.

तासाभरापूर्वी रजबला बोलावून पाशा त्याला देऊन टाकला. त्याच्याकडे खण आहेत, प्रत्येकाला वेगळा. तू मागशील तेव्हा तो परत देईल, तसा शब्द घेतलाय. तुझी वस्तू मी हरवलेली नाही, फक्त माझ्या घरात ठेवलेली नाही. तीन पिल्लं मात्र माझ्यामुळे गेली, त्याबद्दल तू मला काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन.

आता ह्या घरात विचारपूस करण्यासारखं माझ्याशिवाय कोणी नाही.

पुढच्या शुक्रवारी फोन कर. काय बोलायचं ते सुचलं नाही तर बोलू नकोस. खुर्ची घेऊन बस, फोन उघडा ठेव आणि तुझं जेव. मी इकडे माझं ताट वाढून बसलेली असेन, पहिला घास मोडायची थांबलेली.

तुझी आई,
इनायात