कोरा की दुधाचा

३ फेब्रु., सोम.
उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलं. शुगर उपाशीपोटी १९८. डॉ. बाई म्हणाल्या, "आधी खाली आणा, मग बघू." काल हिरामावशींना चहा ओतताना ग्लास सोडून त्यांच्या बोटांवर गेला. रोज उरणहून मासळी घेऊन येतात, पहिला चहा माझ्याकडे. बोटं पदराला पुसून उरलेला चहा प्यायल्या. तेच जास्त लागलं. माझा रोडपालीचा चहाचा स्टॉल या डोळ्यांवरच चालतो.

४ फेब्रु.
आज मोजलं. चव बघायच्या नावाखाली अर्धा-अर्धा करत अकरा कप. सगळे दूधसाखरेचे. वर खारी.

५ फेब्रु.
स्नेहाचं फार्मसीचं दुसरं वर्ष. लेकीकडून शिकायची वेळ. म्हणाली, चहातली तुरट द्रव्यं साखरेला आवर घालायला थोडी मदत करत असावीत, पण दुधातली प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. उलट तीच प्रथिनं शरीरातलं साखर उतरवणारं इन्सुलिनही वाढवतात.
"मग दूध चांगलं की वाईट?"
"नक्की कोणी सांगत नाही, आई."
उद्यापासून दूध, साखर, खारी बंद.

१२ फेब्रु.
डोकं ठणकतं. गिऱ्हाइकांवर दोनदा खेकसले. माझा कोरा चहा मावशींनी एक घोट घेऊन ठेवून दिला. "याला आमी चा नाय बोलत. औषद हाय ह्ये." दुधाच्या चहाची चव आता त्याच बघतात. आज आलं कमी पडलं म्हणाल्या.

२४ फेब्रु., सोम.
उपाशी १४२!! स्नेहाला लगेच फोन. ती म्हणते, "तिन्ही एकदम सोडलीस. कशाने उतरली, कसं कळणार?" राग आला, फोन ठेवला.
पण खरंय.

२७ फेब्रु.
ठरलं. साखर-खारी नाहीच. दोन दिवस कोरा, दोन दिवस दुधाचा. सोबत रोज तीच एक भाकरी, तीच भेंडी. जेवल्यावर दोन तासांनी बोट टोचून शुगर बघायची. डॉ. बाई: "करा. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत."

४ मार्च, मंगळ.
कोरा १६८, १७४. दुधाचा १७१, १६५.
म्हणजे फरक नाहीच? स्नेहा म्हणते, चार दिवसांत काही ठरत नाही. डॉ. बाईंना तीन महिन्यांची सरासरी हवी, मगच ऑपरेशनची तारीख.
वहीत एप्रिलअखेरपर्यंत रकाने आखले. उजवीकडच्या रेघा वाकड्या आल्यात. राहू देत.