डबी दिसंना

५ मे, सोमवार

परत गेली! सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. शिवकन्या म्हणली, "आत्या, डिस्क दिसत न्हाई म्हणतंय." दिसत न्हाई म्हंजे? रात्रीतून माहेरी गेली का?

गेवराईचा अभिमन्यू आला. जुनी डिस्क लई रेंगाळायची म्हणून ही नवी त्यानंच बसवलेली. एसएसडी म्हणतेत. पेटीच्या आत साबणाच्या वडीएवढी चपटी डबी. कॉम्प्युटरचं सगळं डोकं तिच्यात. त्यानं पेटीवरचं शेजारच्या आसारामचं दळण खाली घेतलं, पत्रा खोलला, डबीच्या वायरी उपसल्या, फुंकर मारली, परत खोवल्या. झालं चालू! फुंकरीचा धंदा बरा हाय.

जाताना म्हणला, "मावशी, मधीच जाती मधीच येती, म्हंजे कायतरी कारण हाय. कधी गेली, तवा काय चालू होतं, लिहून ठिवा." शिवकन्येला गिऱ्हाईकापुढं सवड न्हाई. म्हणून मी. चौथी झालीय, एवढं येतं. खताच्या दुकानवाल्यानं दिलेली डायरी नुसती पडून होती.

६ मे

दिसली. दिवसभर दिसली. लिहायला बसलं की शहाणी झाली.

८ मे, गुरुवार

गेली!! दुपारी, ऐन गर्दीत. बारावीचा निकाल लागलाय, दाखल्यासाठी पोरांची दारापोतर रांग. पडदा निळा झाला, मग काळा. एक पोरगं म्हणलं, "काकू, मशीन मेलं." म्हणलं, तुझ्या तोंडात माती.

काय चालू होतं — गिरणी. हे बी लिहिलं पायजे. खोली एकच. दारातून आलं की डाव्या हाताला माझी पिठाची गिरणी, उजव्या हाताला शिवकन्येचं ऑनलाईन. लखननं मांडून दिलेलं. लखन माझा लेक, तिचा नवरा. माजलगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीनं नेला, तिसरं वरीस हाय. त्याचं जास्त लिहायचं न्हाई. ही डबीची वही हाय.

अभिमन्यू परत आला. नवी वायर टाकली. म्हणला, "गिरणीनं पेटी हादरत आसंल. दोन दिवस गिरणी बंद ठिवून बघा."

म्हणलं, "अन् गावानं काय गहू चावून खायाचे?"

शिवकन्या हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

११ मे, रविवार

आज थ्री फेज लाईनच आली न्हाई. गिरणी बंद. लोकं दळणं ठिवून, मला बोल लावून निघून गेली. अन् गिरणी बंद आसून डबी गेली! म्हंजे माझ्या गिरणीवर उगंच आळ. अभिमन्यूला फोनवर धुतला.

"चुकलं मावशी. येऊन बघतो."

ये म्हणलं होतं का मी? तरी आला. इस्तरीचा शर्ट घालून. पेटीतली धूळ काढायला इस्तरीचा शर्ट!

१३ मे

परवा तो म्हणला, गरमीनं बी आसं होतं. ऊन तर आसं पडलंय की पत्र्यावर भाकरी भाजंल. मी इचार केला, रांजणाला वलं पोतं गुंडाळलं की पाणी गार होतं, मग डबी का व्हायची न्हाई? पोतं भिजवलं, पिळलं, पेटीला गुंडाळलं.

शिवकन्या किंचाळली. "आत्या! करंट लागून मराल!" बटण बंद केलं, पोतं वढून काढलं, अन् मग हसायला लागली. हसता हसता खालीच बसली. डोळ्याला पाणी. लखन गेल्यापासून हे हसू मी ऐकलं न्हवतं.

बरं हसली तर हसली. फोन लावून त्याला बी सांगितलं! इकडं ही हसती, फोनात तो हसतोय. मी मधी वलं पोतं घिऊन हुबी.

१६ मे, शुक्रवार

विमलबाई गहू घिऊन आली. गावाचा रेडिओ. म्हणली, "तुमचं कॉम्प्युटर लई आजारी पडतंय गं. डॉक्टर बी नेमाचा मिळालाय."

म्हणलं, "बारीक दळू का जाडं? का तुझी जीभच घालू वरून?"

तिचं तोंड बंद केलं. पण माझ्या डोक्यात भुंगा गेला. हा पोरगा हितं येतो कशाला, ते मला काय कळत न्हाई? शिवकन्या माझ्या घरची सून हाय. ती गेली तर मागं कोण? मी अन् गिरणी. गिरणी काय रातचं "आत्या, जेवलात का" म्हणत न्हाई.

आता डबी कायमची नीट करून घ्यायची. मग त्याचं यायचं कामच न्हाई.

१९ मे

फोन केला. म्हणलं, "एकदाच काय ते नीट कर, न्हाईतर तुझी डबी सिंदफणा नदीत फेकून देते." डबी काढून गेवराईला घिऊन गेला. दिवसभर त्याच्या मशीनला लावून बघितली. तिथं एकदा बी गेली न्हाई!

म्हंजे डबी चांगली. खोट आमच्या घरात.

२० मे, मंगळवार

अभिमन्यू सकाळीच येऊन बसला. म्हणला, "आज गेल्याबिगर उठायचं न्हाई. माझ्या डोळ्यानं बघणार." अन् डबी काही जाईना. नेमकं आजच. मी मनात म्हणलं, जा की गं बया.

दुपारी जेवू घातलं. दारात आलेल्याला उपाशी ठिवायची रीत न्हाई आपली. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. जेवताना सगळं इचारून घेतलं. मामाचं गाव कोणतं, आडनाव कोणतं. आमच्यातलाच निघाला. घरी आई एकटी. पस्तिशी आली, पोरगी मिळाली न्हाई. "शेती न्हाई, नोकरी न्हाई, दुकान भाड्याचं. कोण देतंय मावशी?" म्हणला. आसं हसून म्हणला, की मलाच कसंतरी झालं. शिवकन्येनं त्याला लोणचं इचारलं. मला कधी इचारत न्हाई.

जेवण झालं अन् विमलबाई आली. गव्हाचं दळण दणकन पेटीवर आदळलं. "शिवकन्ये, माझी केवायसी करून दी गं—"

पडदा निळा. मग काळा.

अभिमन्यू उडालाच. "काकू, हालू नका! कशालाच हात लावू नका!" विमलबाईला वाटलं साप निघाला. तिनं दोन्ही हात वर केले. त्यानं दळण उचललं, मशीन लावलं — डबी हजर. परत ठिवलं — गायब. उचललं — हजर!

पेटीचा पत्रा पातळ. वर वजन पडलं की पत्रा दबून डबीच्या वायरीला लागतो. अन् सगळं गाव दळण तिथंच टेकवतंय. खाली ठिवलं की कुत्रं तोंड घालतंय, स्टुलावरची पेटी कशी कमरेएवढी, उचलाया बरी. गर्दी जास्त, दळणं जास्त, डबी गायब. मी रोज इथं बसून गिरणी लिहिते, ऊन लिहिते, अन् डोळ्यापुढचं दळण दिसलं न्हाई!

विमलबाईला म्हणलं, "डॉक्टर डॉक्टर करती, रोग तूच हाय की!"

अभिमन्यूनं कागद चिकटवला — इथे दळण ठेवू नये. सामान गोळा केलं. म्हणला, "नवी पेटी घेईपोतर वर काही ठिवू नका, बस. आता माझं काम न्हाई मावशी."

मी म्हणलं, "बरं झालं."

शिवकन्या ताट उचलून आत गेली.

२४ मे

दिसली.

२८ मे

दिसली. रोजच दिसती. जिंकले मी.

आता लिहायसारखं काही न्हाई. शिवकन्या काम करती, जेवती, झोपती. इचारलं तेवढं बोलती. बाहेर मोटारसायकल वाजली की मान वर जाती. दूधवाला आसतो.

आज मीच म्हणलं, "पोतं भिजवू का गं, गार वाटंल पेटीला?" हसावं म्हणून. ती म्हणली, "नको आत्या." बस.

२ जून, सोमवार

माझे मालक आप्पाराव गेले तवा मी शिवकन्येएवढीच होते. कडंवर लखन. आमच्यात बाईचा पाट लागतो, म्हंजे दुसरं लगीन, बंदी न्हाई. माहेरची माणसं त्यासाठी एकदा येऊन बसली बी होती. सासूनं त्यांना चहा पाजला, पावसापाण्याचं इचारलं, अन् वाटं लावलं. त्या गोष्टीवर तोंडच उघडलं न्हाई. तिला गिरणीला हात पायजे होते. म्हातारी मेली तरी मी तिला शिव्या द्यायची थांबले न्हाई.

अन् आता माझं तोंड बंद हाय.

डबी दिसली.

५ जून

विमलबाई म्हणली, "सूनबाईचा चेहरा उतरलाय गं." आज तिला उलटं बोलले न्हाई. तिलाच नवल वाटलं.

९ जून, सोमवार

शिवकन्या नळाला गेली तवा कागद फाडला. विमलबाईचं गव्हाचं दळण उचलून पेटीवर ठिवलं. कमी वाटलं, म्हणून माझी ज्वारी बी ठिवली. पत्रा करकरला.

डबी गेली.

फोन मीच लावला. म्हणलं, "अभिमन्यू, परत दिसंना झालीय. ये. अन् येताना तुझ्या आईला संगं घिऊन ये."

तो म्हणला, "मावशी, आईला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय?"

म्हणलं, "मला तरी कुठं कळतंय!"