पडवळीच्या मांडवाची मेढ

पूर्णगड, श्रावणातला मंगळवार, दिवेलागण

कोपऱ्यातल्या मेढीला पालवी फुटलीय.

मावशीच्या परसात पडवळीचा मांडव पावसाच्या सुरुवातीला मीच घातला. बाकीच्या मेढी बांबूच्या. एक कमी पडली म्हणून बांबू आणायला निघालो, तर वाटेत धनेश पक्षी दिसला. त्याच्या मागे मागे देवराहाटीत शिरलो. तिथली एक सरळ फांदी आवडली, तोडून आणली. देवाच्या रानातली काटकीसुद्धा घरी आणत नाहीत, हे डोंबिवलीत वाढलेल्या मला कोण सांगणार?

आज पडवळं काढताना मावशीला ती पालवी दिसली.

"मेल्या, ही मेढ कुठनं आणलीस?"

सांगितलं. तिने हातातली पडवळं तिथेच टाकली आणि देवराहाटीच्या दिशेने हात जोडले.

काका होडी घेऊन गेलेत. काल यायला हवे होते, फोन लागत नाही. मशीन बंद पडलं असेल. दर्यावर असं होतंच ना? होत असेल.

"उपटून परत ठेवून येतो," मी म्हटलं.

"एकदा तोडलीस, आता मुळासकट उपटतोस? हात लावू नको."

तरी मघाशी जाऊन हळूच हलवून बघितली. बांबू सगळे डुगडुगतात. ही जराही हलत नाही. आणि पडवळीचे सगळे ताणे तिलाच विळखा घालून बसलेत.

उद्या गोव्याला निघणार होतो. मावशीला तसं म्हटलं, तर ती वातीकडे बघत म्हणाली, "हे घरी येईपर्यंत तू हलायचं नाहीस."

माझी सॅक तिने देवघरात नेऊन ठेवलीय. देवघराच्या दाराला कुलूप आहे.