मळ नव्हता तो

प्रिय भिंगवाल्या,

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलास की हाक मारली तरी मान वर करायचा नाहीस, म्हणून प्रयोगशाळेत मी तुला हे नाव दिलं होतं. काल तुझी जाहिरात पाहिली. पांढरा कोट घालून तू सांगतोस, मुरुमं म्हणजे साचलेला मळ, आमच्या साबणाने दिवसातून पाचदा खसखसून धुवा. लाज कुठे गहाण टाकलीस रे?

दोन वर्षं आपण एका टेबलावर बसून काय मोजत होतो? कातडीच्या पातळ कापांमध्ये केसांच्या मुळांभोवती गोळा झालेल्या पांढऱ्या पेशीच ना? मुरुम वर दिसायच्या आधीच त्या तिथे जमतात, हे पहिल्यांदा तुलाच दिसलं आणि तू मला हाताला धरून ओढत नेलंस. जंतूंना मारायला त्या ऑक्सिजनचे जहाल कण सोडतात, त्याने शेजारची धडधाकट कातडीही भाजते, तिथलं तेल खवट होतं आणि त्या खवट तेलाने सूज आणखी भडकते. चहा गार होईपर्यंत समजावत बसला होतास. घासू नका, चिघळेल, असं तपासणीला येणाऱ्या प्रत्येक मुलीला तूच बजावायचास.

माझी लेक चौदा वर्षांची आहे. महिनाभर ती न्हाणीघराचं दार लावून तुझाच साबण घासत होती. मला वाटलं, वय आहे, आरशापुढे रमते. परवा उशीचा अभ्रा बदलताना रक्ताचे ठिपके दिसले. गाल सोलवटून निघालेत. वर्गातल्या मुली शेजारी बसत नाहीत म्हणाली, घाणेरडी म्हणतात. मला माझाही राग येतो. जरा तोंड धूत जा, असं मीच तिला दोनदा म्हणाले होते.

मग तिने साबणाचं खोकं माझ्यापुढे धरलं. त्यावर दोन चेहरे, 'आधी' आणि 'नंतर'. "आई, ही तूच ना?" तिने विचारलं. बावीस वर्षांची मी, गालभर फोड. फक्त अभ्यासासाठी, कुणाला दाखवणार नाही, असा शब्द देऊन तू काढलेला फोटो. 'नंतर'ची मुलगी कोण, ते तुलाच ठाऊक. तुझा साबण मी जन्मात वापरलेला नाही, औषधाने बरी झाले, हे लेकीला सांगितलं. उद्या आम्ही दोघी तक्रार द्यायला जातोय आणि तिथे मी माझं नाव सांगणार आहे. तुझी दया येऊन हे लिहिलेलं नाही. माझा चेहरा विकण्याआधी तू मला विचारलं नाहीस. मी निदान आधी कळवतेय.

तुझीच,
'आधी'मधली